दिशा बदलली की फाऊल

“ह्याला ब्रेक कुठाय?” मी विचारलं.

“नाही,” शमीम मॅडम म्हणाल्या.

“मग थांबायचं कसं?”

“आल्या आल्या थांबायचं काय विचारताय? आधी हला तरी!”

ती खुर्ची माझ्या घरच्या खुर्चीच्या जातीतली वाटतच नव्हती. चाकं खाली फाकलेली, पाठ जेमतेम कमरेपर्यंत, हात टेकायला काही नाही, आणि उलथू नये म्हणून मागे एक एवढंसं चाक. शमीम मॅडमनी कमरेचा पट्टा असा करकचून आवळला की सकाळचा चहा वर येतो की काय असं मला वाटलं. मग मांड्यांवर दुसरा पट्टा, पावलांवर तिसरा. त्या स्वतःही अशाच खुर्चीत बसलेल्या होत्या. लहानपणी पोलिओ झालेला, वय चाळिशीचं, मिरजेहून रोज जोडचाकांची स्कूटर चालवत यायच्या. खांदे हमालासारखे आणि आवाज त्याहून दणकट.

“रॅकेट उजव्या हातात धरायची आणि धरूनच चाक ढकलायचं. रॅकेट मांडीवर ठेवायची नाही.”

मी ढकललं. रॅकेटची मूठ आणि चाकाची कडी यांच्यामध्ये माझा अंगठा सापडला. तेव्हा मी जी शिवी दिली ती शाळेत पंधरा वर्षांत कधी तोंडातून गेली नव्हती.

“पैल्या दिवशी समद्यांचाच अंगठा जातोय बाई,” पलीकडून एक म्हातारा खुर्ची गरगर फिरवत आला. “पुढं सरका, पुढं सरका. मागं लई जागा हाय.”

हे रावसाहेब हुक्कीरे. एसटीचे निवृत्त कंडक्टर. साखरेनं त्यांचा डावा पाय मांडीपासून नेला होता, पण जीभ जागेवर होती. गेली दोन वर्षं ते शमीम मॅडमकडे खेळत होते आणि नव्या माणसांना चेंडू मारून द्यायला म्हणून शिबिराला आले होते.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. आमच्या तासगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसर्स क्लबात टेनिसचं एक कोर्ट होतं. त्यावर ऑफिसर कमी आणि कुत्री जास्त बसायची. तिथे दहा दिवसांचं व्हीलचेअर टेनिसचं शिबिर भरलं होतं. आम्ही सहाजण होतो. मला मालिश आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी चिठ्ठी दिली म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर अण्णानं पाठवलं म्हणून गेले. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, गवंडी. तो म्हणाला, “शालन, घरात बसून तू रोज एकाला फाडून खायला लागलीस. जा, तिकडं काय ते मार.”

मी शाळेत पी.टी.ची शिक्षिका. खो-खो माझा जीव. जिल्ह्याकडून खेळले, मग पंधरा वर्षं मुलींना खेळवलं. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये एका रात्रीत बांधलेल्या आणि पांढरे पट्टे न मारलेल्या गतिरोधकावरून माझी मोपेड उडाली आणि मणका गेला. कंबरेखाली काही उरलं नाही. अकरा महिने मी खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर करत होते. शाळेत हजेरीपटावर नाव होतं, मैदानावर नव्हतं.

शमीम मॅडमनी नियम सांगितले. चेंडूचे दोन टप्पे पडेपर्यंत चालतं. दुसरा टप्पा रेषेबाहेर पडला तरी चालतो. बाकी सगळं टेनिस तेच.

“आणि एक गोष्ट. चेंडू मारला की वळायचं. जाळीकडे पाठ करायची, दोन ढकलींत मागं जायचं, परत वळायचं. मारा, वळा, जा, वळा. खुर्ची थांबली की मेलात.”

इथेच माझं गाडं अडलं.

मी चेंडू मारायचे. पहिल्या दिवशी दहातले चार लागले, दुसऱ्या दिवशी सहा. नजर तयार होती, हात तयार होते. पण मारून झालं की मी जाळीकडे तोंड करूनच चाकं उलटी ओढत मागे यायचे. गोगलगाय बरी. तोवर पुढचा चेंडू दोन सोडून तीन टप्पे पडून मोकळा झालेला असायचा.

“चौगुले, रिव्हर्स गिअर बंद करा!” शमीम मॅडम ओरडायच्या.

“यष्टी सुदीक एवढी रिव्हर्स येत न्हाई,” हुक्कीरे मामा म्हणायचे. “मागं कंडक्टर उभा करून शिट्टी मारावी लागतीया.”

मी वळायचं ठरवायचे आणि खांदा अर्ध्यावर अडायचा. का अडतोय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याच दिशेनं जायचं. उलटं पाऊल पडलं, नुसता खांदा मागे वळला, तरी पंच शिट्टी मारतो. फाऊल. मी मुलींना त्यासाठी मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. माझ्या अंगातलं हाडन् हाड एकच गोष्ट शिकलं होतं, मागे वळायचं नाही. पाय गेले, पण ते शिक्षण काही गेलं नव्हतं.

आणि खरं सांगू? मला त्याचा अभिमान होता. आमच्या घराण्यालाच तो होता. माझ्या वडिलांनी एकदा गणेश मंडळात चारचौघांपुढे तंबाखू सोडली म्हणून शब्द दिला. नंतर मरेपर्यंत त्यांनी चुना मळला नाही, दाढदुखीनं रात्र रात्र जागून काढली तरी. चौगुल्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं अण्णा येताजाता म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिरगे साहेब घरी आले. आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव. सज्जन माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. वहिनीनं चहा ठेवला. साहेबांनी प्लॅस्टिकच्या फाईलमधून एक टाईप केलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“मॅडम, तुमच्याच काळजीनं आणलंय. ग्रंथालय तळमजल्यावर आहे. पंखा आहे. पगार तोच, पेन्शन तीच. फक्त संमती म्हणून सही हवी. पंधरा जूनला शाळा उघडायच्या आत.”

“आणि मैदानावर कोण?”

“एक मुलगा बघितलाय. बी.पी.एड. आहे.”

“खो-खो येतो त्याला?”

“व्हॉलीबॉलचा आहे.” साहेब चहाकडे बघत म्हणाले. “मॅडम, रस्त्यावरून मैदानात उतरायला पाच पायऱ्या आहेत. तुम्हाला रोज कोण उचलून नेणार? पोरींना बरं वाटेल का ते बघून?”

अण्णा दारात उभा होता. त्या पाच पायऱ्या त्यानंच बांधलेल्या, संस्थेच्या कामावर असताना. तो हळूच म्हणाला, “सायेबांचं बरोबर हाय शालन. पायऱ्या उंच हायत.”

म्हणजे घरचं मतही पडलं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी कागद उचलून साहेबांना परत दिला.

“येत्या रविवारी काय करताय साहेब?”

“काही नाही. का?”

“कारखान्याच्या क्लबात माझी मॅच आहे. व्हीलचेअर टेनिस. बघायला या. जिंकले तर मैदान माझं आणि हा विषय बंद. हरले तर तिथंच सही करते. चौगुल्याच्या पोरीचा शब्द आहे.”

साहेब अण्णाकडे बघत राहिले. अण्णा माझ्याकडे. तोवर मॅच वगैरे काही ठरलेलीच नव्हती. रविवारी शिबिर संपणार होतं, एवढंच मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शमीम मॅडमना सांगितलं. त्यांनी रॅकेट मांडीवर आपटली.

“माझ्या कोर्टावर पैज लावलीत? मला न विचारता?”

“लावली.”

“कुणाशी खेळणार? इथं खेळता येणारा माणूस एकच आहे. हुक्कीरे. दोन वर्षं खेळतोय तो. तुम्हाला तीन दिवस झालेत. वळतासुद्धा येत नाही तुम्हाला!”

“सहा दिवसांत येईल.”

“नाही आलं तर?”

“तर सही करेन.”

त्यांनी चेंडूंची टोपली मागे सरकवली. मग म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं मला बिलकूल आवडत नाहीत चौगुले. चला. आज चेंडू मिळणार नाही.”

खरंच दिला नाही. क्लबाच्या माळ्याकडून त्यांनी चार घमेली आणवली, कोर्टावर पालथी घातली आणि मला त्यांच्याभोवती वळायला लावलं. मारा, वळा, जा, वळा, पण चेंडूशिवाय. साडेसहाला सुरू केलं की नऊला ऊन अंगावर येईपर्यंत. रिकाम्या घमेल्याभोवती मी सुरेख वळायचे. चेंडू आला की पुन्हा खांदा अडायचा. समोर माणूस रॅकेट घेऊन उभा आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ करायची? चेंडू कुठे पडतोय ते न बघता? तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. वहिनी रात्री खोबरेल लावून फडकं बांधायची आणि काही बोलायची नाही. अण्णा मात्र बोलायचा.

“शब्द दिलायस. आता जिंक, न्हाईतर गुमान सही कर. मधलं काय न्हाई.”

“मला माहीत आहे,” मी म्हणायचे.

शनिवारी सराव संपल्यावर हुक्कीरे मामांनी मला कडुनिंबाखाली बोलावलं. पिशवीतून भडंगाचा पुडा काढला, कागदावर पसरला, वर कांदा चिरून टाकला. आम्ही दोन खुर्च्या समोरासमोर लावून खात बसलो.

“बाई, ती सही कशाला पायजे वं त्यास्नी?” त्यांनी एकदम विचारलं.

“बदलीसाठी. ग्रंथालयात.”

“ते समजलं. पर तुमची सही कशाला? सायेब हायत की ते. बदली करायची तर करावी.”

मी भडंग खाता खाता थांबले.

“आमच्या डेपोत असंच व्हायचं,” मामा म्हणाले. “मॅनेजर म्हणायचा, रावसायेब, हितं सही करा, तुमच्याच भल्याचं हाय. मी म्हणायचो, माझ्या भल्याचं आसंल तर तुम्हीच करा की. सही मागत्यात म्हंजे सहीबिगर त्यांचं काय चालत न्हाई. एवढं ध्यानात ठिवा.”

“त्याचा आता उपयोग नाही मामा. मी शब्द दिलाय.”

“मंग आनखी एक सांगतो.” त्यांनी आजूबाजूला बघितलं. “उद्या मी मॅच सोडतो. कुणाला कळायचं न्हाई. म्हाताऱ्याचा हात दुखला म्हनून सांगू.”

माझी कानशिलं तापली.

“मामा, तुम्ही आयुष्यात कुणाला फुकट तिकीट दिलंय?”

“कंदी न्हाई.”

“मग मला देऊ नका.”

ते हसले नाहीत. उरलेलं भडंग पुड्यात भरून त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि निघून गेले.

रविवारी बघायला तीसेक माणसं होती. शिबिरातली मंडळी, त्यांच्या घरचे, क्लबातले दोन ऑफिसर, चेंडू गोळा करायला माळी. अण्णा कडेला छत्री घेऊन उभा. जिरगे साहेब पांढऱ्या शर्टात, काखेत ती फाईल. शमीम मॅडमनी जाहीर केलं, जो आधी चार गेम घेईल तो जिंकला.

पहिला गेम मामांनी घेतला. दुसराही. मला चार गुण मिळाले असतील नसतील. ते मला एकदा डाव्या कोपऱ्यात पाठवायचे, एकदा उजव्या, आणि मी तोंड जाळीकडे ठेवून चाकं उलटी ओढत, धापा टाकत मधे यायचे. तिसऱ्या गेमला एकदम सोपं झालं. चेंडू हळू येऊ लागले, मधोमध, बरोबर हाताखाली. मी मारले. तिसरा गेम माझा झाला, चौथाही माझा. दोन-दोन. माणसांनी टाळ्या वाजवल्या. अण्णानं छत्री मिटून वर केली. मला दोन मिनिटं खरंच वाटलं की मीच खेळतेय.

मग मामांनी एक चेंडू जाळीत मारला. इतका अलगद, इतका नेमका, की मला कळलं. मी खुर्ची ढकलत जाळीपाशी गेले.

“मामा.”

त्यांनी खाली बघितलं.

“काल काय सांगितलं होतं मी?”

“बाई, जाऊ द्या की. तुमची पोरीबाळींची शाळा...”

“तुम्ही नीट खेळणार नसाल तर मी आत्ता खेळ सोडते. सोडला की हरलेच. बोला.”

काठावर सगळे बघत होते, पण काय चाललंय ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. शमीम मॅडमना तेवढं कळलं असावं, कारण त्या म्हणाल्या, “चला, खेळा. गप्पा नंतर.” मामांनी टोपी काढून घाम पुसला आणि परत घातली. त्यांचे डोळे ओले झाले होते, आणि ते रागावलेही होते, माझ्यावर की स्वतःवर ते काही मला समजलं नाही.

“बरं,” ते म्हणाले. “आता उभं ऱ्हाऊन प्रवास करायचा. धरून बसा.”

पाचवा गेम त्यांनी माझ्या नाकावर टिच्चून घेतला. तीन-दोन. सहावा मी घेतला आणि तो माझा होता, त्यातला एकही गुण दान नव्हता. घामानं रॅकेट निसटत होती. तीन-तीन. शेवटचा गेम चाळीस-चाळीस झाला. ड्यूस, म्हणजे आता सलग दोन गुण घेईल त्याचा गेम.

त्यांनी सर्व्हिस केली, मी परत मारली. त्यांनी चेंडू माझ्या डाव्या कोपऱ्यात खोल टाकला. मी तिथे पोचून, अंग पिळून तो कसाबसा जाळीपलीकडे ढकलला. खुर्चीला वेग होता आणि ती रेषेबाहेर चालली होती. उलटं ओढत यायला जागाच नव्हती, वेळही नव्हता. आणि मी वळले. ठरवून नाही. चाक आतल्या हातानं धरलं, बाहेरच्या हातानं ढकललं आणि जाळी, मामा, माणसं, सगळं माझ्या पाठीमागे गेलं. समोर नुसती चुना मारलेली भिंत आणि वर कारखान्याची चिमणी. चेंडू कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. कुठेतरी शिट्टी वाजेल म्हणून माझे कान वाट बघत होते.

शिट्टी वाजली नाही.

एक ढकल, दुसरी ढकल, आणि मी परत वळले. चेंडू पहिला टप्पा घेऊन माझ्या उजवीकडून जात होता. तो रेषेबाहेर दुसऱ्यांदा पडला आणि वर आला तेव्हा मी तिथे होते. उशीर झाला नव्हता, उलट वेळ शिल्लक होता. एवढा वेळ मला दहा दिवसांत कधी मिळाला नव्हता. मी मामांच्या मोकळ्या बाजूला लांब मारला. ते पोचले नाहीत.

“वळल्या!” शमीम मॅडम किंचाळल्या. “चौगुले वळल्या!”

पंच त्याच होत्या. गुण सांगायचा विसरल्या.

पुढचे तीन गुण मामांनी घेतले. मी तिन्ही वेळा वळले आणि तिन्ही वेळा पोचले, पण दोन वर्षं ती दोन वर्षं. शेवटचा चेंडू त्यांनी जाळीला चाटून माझ्या बाजूला असा पाडला की उडून गेले असते तरी मिळाला नसता. चार-तीन. मी हरले.

मामा जाळीपाशी आले, हात पुढे केला आणि सोडेचनात. “वाईट मानू नगासा,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी म्हणाले, “मामा, आयुष्यात एवढी चांगली मॅच मी हरले नव्हते.” ते खरं होतं.

मग जिरगे साहेब आले. मॅच बघून त्यांचाही चेहरा जरा निवळला होता. त्यांनी माझं कौतुक केलं, मनापासून केलं. नंतर फाईल उघडली, कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि खिशातलं पेन काढून टोपण उघडून दिलं. अण्णा छत्री टेकून बाजूला उभा होता. मी पेन हातात घेतलं. कागदावर खाली माझं नाव टाईप केलेलं होतं, श्रीमती शालन यशवंत चौगुले, आणि त्याच्यावर रिकामी जागा.

हाताचे फोड फुटून पेनाला रक्त लागलं. मी पेनाला टोपण लावलं.

“साहेब, मी सही करत नाही.”

“अहो, पण...” ते गोंधळले. “मॅडम, तुम्ही हरलात.”

“हरले. तीस माणसांनी बघितलं.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता. रागाच्या भरात दिला, चुकीचा दिला. परत घेते.”

“शालन!” अण्णा म्हणाला. बापानं हाक मारावी तसा आवाज होता तो.

मी अण्णाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित सही केली असती. चेहरा लाजेनं जळत होता. चौगुल्यांच्या घरात चारचौघांत दिलेला शब्द चारचौघांत मोडणारी मी पहिली. पण तोंडातून शब्द येत होते आणि मी ते येऊ दिले.

“मला मैदानावरून काढायचं असेल तर काढा साहेब. लेखी काढा. पण त्या कागदावर सही तुमची असेल. माझी नाही.”

जिरगे साहेबांनी कागदाकडे बघितलं. शेवटी त्यांनी कागद फाईलीत घातला, पेन पुसलं, खिशाला लावलं.

“पंधरा तारखेला या,” ते म्हणाले. “मग बघू. पण पायऱ्यांचं मी काही करू शकत नाही.”

मामा लांबून सगळं ऐकत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, “आयला, मंग मी जिंकून काय मिळवलं?”

“माझ्याशी आणखी एक मॅच,” मी म्हणाले. त्यानंतर आम्ही बारा वर्षं खेळलो. त्यातल्या मी निम्म्याहून जास्त जिंकल्या, पण ती पहिली त्यांचीच.

घरी जाताना टेंपोत अण्णा एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी जेवलाही नाही. दोन-तीन दिवस मी त्याच्याशी बोलायला बघितलं, तो उठून जायचा. मग सकाळी लवकर घरातून नाहीसा व्हायला लागला. वहिनीला विचारलं तर ती म्हणायची, कुठंतरी काम लागलंय. मला रडू यायचं. मैदान राहिलं आणि भाऊ गेला, असं वाटायचं.

पंधरा जूनला तोच मला टेंपोत घालून शाळेत घेऊन गेला. तेव्हाही गप्प. मैदानाच्या फाटकाशी त्यानं खुर्ची उतरवली, मला बसवलं, आणि मी खाली बघितलं.

पाच पायऱ्या नव्हत्या. त्यांच्या जागी सिमेंटचा उतार होता, कडेला हाताला धरायला लोखंडी पाईप. अजून पुरता वाळलाही नव्हता, कोपऱ्यात भिजवलेली पोती पडली होती. बाजूला फोडलेल्या पायऱ्यांचे दगड नीट रचून ठेवले होते.

“साहेबांना विचारलंस?” मी म्हणाले.

“न्हाई.” अण्णा पाईप हलवून बघत होता. “माझ्याच पायऱ्या. मीच फोडल्या.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “शब्द मोडलास ते मला आवडलेलं न्हाई. अजून न्हाई.”

“मला पण नाही,” मी म्हणाले.

“आन् उतार जरा जास्त झालाय. जागाच नव्हती. सरळ उतरलीस तर तोंडावर पडशील. पाठ करून उतर. मी खाली हुबा ऱ्हातो.”

खाली मुली रांगेत उभ्या होत्या. वर्षभर त्यांनी मला बघितलं नव्हतं. कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं, चेहऱ्याकडे की चाकांकडे. मी पाईप धरला, खुर्ची वळवली, मैदानाकडे पाठ केली आणि हळूहळू उतरायला लागले. समोर फाटक दूर जात होतं. पाठीमागे एवढी शांतता होती की चाकांखालची वाळू करकरलेली ऐकू येत होती. मग रांगेतून एक बारीक आवाज आला, भीत भीत, पण स्पष्ट.

“मॅडम, दिशा बदलली! फाऊल!”

सगळ्या हसल्या. अण्णाही हसला, महिन्यात पहिल्यांदा. पोरगी माझ्याच हाताखाली तयार झालेली होती आणि नियमाप्रमाणे तिचं बरोबर होतं. खाली पोचले, खुर्ची वळवली, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि स्वतःलाच फाऊल दिला.